निष्कारण ताकीद काढून टाकण्याची रीत

मंगरूळपीर हे गाव आपल्या जागेवरून कधी हलले नाही. परंतु त्याचा कारभार ज्या कचेरीकडे जावयाचा ती कचेरी मात्र वारंवार बदलत गेली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि पुढे त्या अंमलात मंगरूळ हा वाशीम जिल्ह्याचा तालुका म्हणून नांदला. १९०५ साली वाशीम जिल्हाच मोडण्यात येऊन तालुका अकोल्यास जोडला गेला. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुनश्च अस्तित्वात आला, तेव्हा ज्या जिल्ह्यातून हा तालुका त्र्याण्णव वर्षांपूर्वी निघाला होता त्याच नावाच्या जिल्ह्यात तो परतला. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ज्या गावाच्या नावास ‘पीर’ हे पद जडले, त्या गावाने येणेप्रमाणे चार-पाच राजवटींचे शिक्के पाहिले. अशा प्रत्येक स्थित्यंतरात दप्तरापुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसावयास क्षुल्लक असला तरी कारभाराच्या प्रकृतीशी निगडित असतो: पूर्वीच्या अंमलदाराने घालून दिलेल्या ताकिदींपैकी कोणती ताकीद आजही सकारण आहे, आणि कोणती केवळ कोणी खोडली नाही म्हणून नव्या वहीत उतरत चालली आहे?

हाच प्रश्न आज एका निराळ्या, पण विस्ताराने कोणत्याही महसुली दप्तरास मागे टाकील अशा दप्तरात नित्य उपस्थित होतो, आणि त्याचा इतिहास मराठी वाचकापुढे यावा अशी प्रस्तुत लेखकाची मनःपूर्वक इच्छा आहे. मंगरूळपीरच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीन अथवा तूर घेऊन आलेला शेतकरी ज्या मोबाइलवर अकोल्याचा नि वाशीमचा भाव ताडून पाहतो, तो मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या अंतर्भागी लिनक्स नावाच्या यंत्रप्रणालीचा गाभा, ज्यास संगणक-व्यवसायातील लोक कर्नेल म्हणतात, अहोरात्र राबत असतो. स्मृतीचे वाटप करणे, कोणत्या कामास प्रोसेसर किती क्षण द्यावयाचा ते ठरवणे, आणि पडदा, ध्वनी, बिनतारी लहरी या सर्व अवयवांशी बोलणे, ही या गाभ्याची कर्तव्ये होत. हा गाभा लिहिणारी आणि राखणारी माणसे जगभर विखुरलेली आहेत. त्यांची संहिता आज तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेली आहे. आणि तीत पेरलेल्या सहस्रावधी इशाऱ्यांपैकी एखादा इशारा आता निष्कारण ठरला आहे असे सिद्ध करून तो काढून टाकणे, हे या व्यवसायातील एक लहानसे, परंतु माझ्या मते अत्यंत सत्त्वशील असे कर्म आहे.

या इशाऱ्यांची परंपरा लिनक्सहून जुनी. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, तेव्हा त्यांच्यापुढे मल्टिक्स या अवाढव्य प्रणालीचा अनुभव ताजा होता. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्हलेक यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे: मल्टिक्सची पुष्कळशी संहिता चुकांतून सावरण्याच्या तजविजीतच खर्ची पडते, असे त्यांनी रिचींना सांगितले असता रिचींनी उत्तर दिले की आम्ही ते सारे वगळले आहे, काही बिघडले तर ‘पॅनिक’ नावाचे एक कलम चालते, यंत्र थांबते, आणि यंत्र पुन्हा चालू करा म्हणून व्हरांड्यातून हाक मारली म्हणजे झाले. एका दालनात एक यंत्र आणि हाकेच्या अंतरावर ते चालवणारी माणसे, अशा काळात हे धोरण शहाणपणाचेच होते. पुढे यंत्रे वाढली, माणसे दूर गेली, आणि ‘सर्व सुरळीत’ व ‘सर्व ठप्प’ या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आवश्यक झाली, जीत यंत्र चालू राहील परंतु काही विपरीत घडल्याची वर्दी देईल. दुसऱ्या अंगाने, संहिता चालण्यापूर्वीच तिची झडती घेणारे साधनही याच प्रयोगशाळेत निर्माण झाले. स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेतील संशयास्पद जागा दाखवून देणारे ‘लिंट’ लिहिले, आणि संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे आजचे कंपायलर जे इशारे देतात त्यांचे कूळ तेथवर पोचते.

हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लीनस टॉरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा या दोन्ही परंपरा त्याच्या कामात आपोआप उतरल्या. लिनक्सच्या गाभ्यात वर्दी देण्यासाठी ‘प्रिंट-के’ नावाचे कलम आहे आणि वर्दीच्या आठ पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत: शून्य म्हणजे प्रणाली निकामी झाली, सात म्हणजे केवळ तपासणीसाठी लिहिलेली टीप, आणि वॉर्निंगचा क्रमांक या सोपानावर चार. या साऱ्या वर्द्या स्मृतीतील एका ठरावीक आकाराच्या वर्तुळाकार वहीत लिहिल्या जातात. सर्वसाधारणपणे ही वही १२८ किलोबाइटांची असते. ती भरली की पुन्हा पहिल्या पानापासून लेखन सुरू होते आणि जुना मजकूर पुसला जातो. निष्कारण इशारा हा निरुपद्रवी असतो असा जो समज आहे, त्याचे खंडन या एका गोष्टीने होते. सेकंदागणिक उमटणारी एक निरर्थक ओळ पहाटेपर्यंत वहीचे पान अन् पान व्यापून टाकते, आणि मध्यरात्री डिस्कने दिलेली एकुलती एक खरी वर्दी तिच्याखाली गाडली जाते. माणसाचे लक्ष उडते ही हानी तर आहेच, परंतु येथे पुरावाच नष्ट होतो.

याहून कडक असा एक इशारा आहे, त्यास ‘वॉर्न-ऑन’ म्हणतात. संहिता लिहिणाऱ्याने ज्या जागी ‘ही अवस्था कदापि येणे शक्य नाही’ असे गृहीत धरले असेल, तेथे तो हे कलम लिहून ठेवतो. ती अशक्य अवस्था आलीच, तर प्रथम ‘येथे कापा’ अशा अर्थाची एक तुटक रेघ उमटते, तिच्याखाली फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, प्रोसेसरच्या कप्प्यांतील आकडे, आणि कोणत्या कलमाने कोणत्या कलमास बोलावले याची खालपासून वरपर्यंतची वंशावळ छापली जाते. शिवाय त्या क्षणापासून गाभ्यावर ‘डब्ल्यू’ या अक्षराचा एक डाग चढतो, जो यंत्र पुन्हा चालू करीतोवर जात नाही. २०१५ सालच्या ३.१९ या आवृत्तीत याला आणखी एक धार आली. असा इशारा उमटताच यंत्र तत्काळ थांबवावे, अशी मुभा चालकास मिळाली. ज्यांना विपरीत अवस्थेत काम चालू ठेवण्यापेक्षा थांबणे श्रेयस्कर वाटते अशा मोठ्या चालकांनी ती स्वीकारली. आणि परिणामी पूर्वी जो इशारा केवळ वहीतली नोंद होता, तो अशा यंत्रांवर प्राणघातक ठरू लागला. २०१७ पासून सिझबॉट नावाची एक स्वयंचलित यंत्रणा गाभ्यास रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न विचारून त्याची परीक्षा पाहते, आणि तिच्या अहवालांतून पुनःपुन्हा हेच निष्पन्न झाले की कित्येक ‘अशक्य’ अवस्था वस्तुतः अशक्य नव्हत्या. कोणाही सामान्य प्रोग्रामने एक चुकीचा आकडा पाठवला की त्या उद्भवत, आणि गाभा तो आकडा योग्य रीतीने नाकारीतही असे. म्हणजे चूक विचारणाऱ्याची, उत्तर बरोबर, आणि बोंब मात्र गाभ्याच्या नावाने. अशा ठिकाणी इशारा काढून टाकणे हाच खरा इलाज ठरतो.

परंतु इशारे निष्कारण होण्याची सर्वांत सामान्य तऱ्हा याहून साधी आहे: ज्याची वर्दी द्यावयाची ती आता दुसरा कोणी देतो. एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे यंत्राचा एखादा अवयव चालवणाऱ्या संहितेने, स्मृतीचा तुकडा मागितला आणि तो मिळाला नाही, तर स्मृतीचे वाटप करणारा विभाग स्वतःच सविस्तर तक्रार छापतो. तरीही जुने ड्रायव्हर लिहिणारे त्याखाली ‘स्मृती संपली’ अशी आपली ओळ जोडीत असत. गाभ्याच्या संहितेची छाननी करणारी ‘चेकपॅच’ नावाची आज्ञावली आता अशी ओळ दिसली की ती बहुधा अनावश्यक आहे असा शेरा मारते, म्हणजे इशाऱ्याविषयीच इशारा देते. २०१९ अखेरच्या ५.४ या आवृत्तीत असाच एक बदल झाला. यंत्राचा एखादा अवयव प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जी खूण करतो तिचा क्रमांक न मिळाल्यास तो मिळवून देणारे सामाईक कलमच स्वतः वर्दी देऊ लागले, आणि त्यासरशी अनेक ड्रायव्हरांतून विखुरलेल्या त्याच मजकुराच्या ओळी निरुपयोगी झाल्या. त्या शोधण्यासाठी एक नमुना तयार करण्यात आला, आणि पुढे कित्येक महिने त्या एकेक करून काढल्या गेल्या.

एकेक करून, हे शब्द मी जाणून लिहितो. आमच्या तालुक्यात जमिनीच्या नोंदीत बदल करावयाचा तर तो परस्पर सातबारावर करता येत नाही. तलाठी प्रथम फेरफाराच्या वहीत नोंद घेतो, हितसंबंधितांस नोटीस जाते, चावडीवर ती लागते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत राहते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. कोणाच्या अर्जावरून, कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे आणि कोणत्या तारखेस बदल झाला हे फेरफार क्रमांकावरून पन्नास वर्षांनीही काढता येते. गाभ्यातील बदलाची, ज्यास पॅच म्हणतात त्याची, वाट थेट अशीच आहे. काढावयाची ओळ एकच असो, तिच्यासोबत कारणांचे टिपण लिहावे लागते. ते त्या विभागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो विभाग राखणाऱ्याकडे, आणि संबंधित सर्वांकडे उघडपणे जाते. हरकती येतात, उत्तरे द्यावी लागतात, पुष्कळदा पॅच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहून पाठवावा लागतो. आणि अखेर पाठवणाऱ्याची व मेंटेनरची सही त्याखाली चढते. ही सहीची चाल २००४ साली पडली. आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने संहितेच्या मालकीवरून दावा दाखल केल्यामुळे प्रत्येक ओळ कोणाच्या हातून आली याचा लेखी माग ठेवणे आवश्यक झाले होते. काढलेली ओळ एक आणि टिपणाच्या ओळी वीस, असे प्रमाण या दप्तरात नित्य दिसते, आणि ज्यांना हा पसारा व्यर्थ वाटतो त्यांच्याशी माझा सपशेल मतभेद आहे. बदल काय झाला हे संहिता सांगतेच. तो का झाला हे मात्र त्या टिपणाखेरीज कोठेही लिहिलेले नसते.

कारण न शोधता ताकीद बंद केल्याने काय ओढवते, याचे उदाहरण गाभ्याबाहेरचे असले तरी या व्यवसायातील प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. गुप्तलेखनाच्या ‘ओपन-एसएसएल’ या संग्रहात २००६ साली डेबियन या लिनक्स-वितरणाच्या एका मेंटेनरास तपासणीच्या साधनांकडून वारंवार इशारा मिळत होता की कोरी, किंमत न भरलेली स्मृती वाचली जात आहे. इशाऱ्यास निमित्त होणाऱ्या दोन ओळी त्याने बंद केल्या. त्यांपैकी एक ओळ खरोखरच वगळण्याजोगी होती. दुसरी मात्र यादृच्छिक आकडे निर्माण करणाऱ्या कलमात सारी अनिश्चितता ओतणारी ओळ होती. दिसावयास दोन्ही सारख्याच. ती बंद होताच गुप्त किल्ल्यांचे बीज म्हणून फक्त चालू कामाचा क्रमांक उरला, आणि त्या क्रमांकांची कमाल मर्यादा होती ३२,७६८. ज्या किल्ल्या मोजून संपू नयेत अशी योजना, त्या एका दुपारी मोजून संपाव्यात इतक्या उरल्या. इशारा थांबला, सर्व शांत झाले, आणि ही शांतता जवळजवळ दोन वर्षे टिकली. १३ मे २००८ रोजी, लुसियानो बेल्लो यांच्या शोधानंतर, हा दोष जाहीर झाला, तेव्हा डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या वितरणांवर त्या अवधीत या संग्रहाने तयार केलेली प्रत्येक किल्ली टाकून देणे भाग पडले. त्या मेंटेनराने बदलाविषयी आधी विचारणाही केली होती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. उणीव दोन ओळींतील भेद तपासण्यात राहिली.

गाभ्यातही याच जातीचा एक सौम्य रोग बराच काळ मुक्कामास होता. ‘या चलाला किंमत मिळण्यापूर्वीच ते वाचले जात असावे’ असा इशारा जीसीसी हा कंपायलर देई आणि तो अनेकदा चुकीचा असे. तेव्हा कंपायलरास गप्प बसवण्यासाठी एक खास मॅक्रो काढण्यात आला, जो चलास स्वतःचीच किंमत देत असल्याचे सोंग करी. त्या दिवशी इशारा चुकीचाच असे, यात शंका नाही. परंतु पुढे पाच वर्षांनी कोणी भोवतालची संहिता बदलली आणि ते चल खरोखरच कोरे वाचले जाऊ लागले, तरी कंपायलरचे तोंड बांधलेलेच राही. केस कुक यांच्या पुढाकाराने २०२० साली हा मॅक्रो मुळासकट उपटण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात टॉरवाल्ड्स यांनी तो इशाराच गाभ्याच्या नेहमीच्या बांधणीतून, म्हणजे संहितेपासून चालता गाभा तयार करण्याच्या क्रियेतून, बंद केला, कारण जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीने चुकीच्या इशाऱ्यांची अशी सरबत्ती लावली होती की खरे इशारे तीत दिसेनासे झाले. त्याआधी २०१८ साली ‘हे कलम कालबाह्य आहे, वापरू नये’ अशी ताकीद छापणारी खूणही त्यांनी निष्प्रभ केली होती. ज्यांनी ती लावली त्यांनी जुने वापर स्वतः दुरुस्त केले नाहीत, आणि इतरांच्या बांधणीत मात्र ती ओळ वर्षानुवर्षे छापली जात राहिली. २०२१ च्या सप्टेंबरात त्यांनी उलट टोक गाठले आणि कोणताही इशारा हा दोषच समजून बांधणी थांबवावी असा नियम सर्वांस लागू केला. जगभरच्या बांधण्या मोडल्या, आणि थोड्याच दिवसांत तो नियम सौम्य करावा लागला. वरवर पाहता यात धरसोड दिसेल. मला मात्र या चारही निर्णयांमागे एकच आग्रह दिसतो: इशारा उमटला तर त्याकडे पाहिलेच पाहिजे असा त्याचा मान राहावा, आणि ज्यास तो मान देता येत नाही तो दरबारात ठेवू नये.

लिनक्स ज्या वर्षी जन्मली त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, आणि त्याच वर्षी देवनागरीसह भारतीय लिपींची संगणकीय संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. म्हणजे आमच्या लिपीस यंत्रात कायदेशीर बिऱ्हाड मिळाले ते याच सुमारास. तेव्हापासून पुण्या-मुंबईतील कितीतरी कचेऱ्यांत गाभ्यावर काम करणारे हात तयार झाले. या कामात पहिले पाऊल टाकणाऱ्यास बहुधा अशीच लहान दुरुस्ती हाती देतात. २०१३ साली गाभ्याच्या मंडळींनी नवागत स्त्रियांसाठीच्या एका उमेदवारी योजनेत भाग घेण्यास आरंभ केला, तीच योजना पुढे आउटरीची या नावाने रूढ झाली. तीत उमेदवाराने प्रथम ‘स्टेजिंग’ या कच्च्या विभागातील बारीकसारीक अव्यवस्था निस्तरावी अशी प्रथा पडली, आणि भारतातील अनेक विद्यार्थिनींनी तेथूनच प्रवेश केला. अमरावतीस अथवा अकोल्यास अभियांत्रिकी शिकणाऱ्या मंगरूळपीरच्या मुलीस यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. संहिता खुली आहे, छाननीची साधने संहितेसोबतच येतात, आणि कोणती फाइल कोणत्या मेंटेनराच्या अखत्यारीत येते हे सांगणारी आज्ञावलीही तीतच आहे.

तिने एखादी निष्कारण वाटणारी ओळ निवडली, की तिचे खरे काम दप्तरखान्यात सुरू होईल. ओळ कोणी, कधी, कोणत्या कारणास्तव घातली हे ‘गिट’ या नोंदवहीस विचारता येते. परंतु या नोंदवहीचे पहिले पान १६ एप्रिल २००५ चे आहे. त्यापूर्वी तीन वर्षे ज्या बिटकीपर नावाच्या साधनात इतिहास राखला जात होता त्याची मोफत सनद रद्द झाली, टॉरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट लिहिले, आणि मागील सारा इतिहास आयात केल्यास तो ३.२ गिगाबाइटांचा होईल या कारणास्तव तो वगळून सुमारे ६७ लाख ओळी एकाच नोंदीने नव्या वहीत उतरवल्या. त्यामुळे बहुतेक जुन्या ओळींपाशी माग काढीत गेले असता शेवटी एकच तारीख आणि एकच नाव हाती येते. तेथून मागे जावयाचे तर निराळी जतन केलेली जुनी भांडारे उघडावी लागतात, आणि २००२ च्याही पलीकडे प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून कोणत्या आवृत्तीत ओळ प्रथम दिसते ते डोळ्यांनी पाहावे लागते.

समांतर तारेने जोडलेल्या मुद्रकाच्या ड्रायव्हरात अशीच एक प्राचीन ओळ आहे. तिच्या फाइलीवर १९९२ हे साल लिहिलेले आढळते. मुद्रकाने दोषाची खूण केली की ड्रायव्हर प्रथम विचारतो, कागद संपला काय. नसेल तर विचारतो, मुद्रक बंद ठेवला आहे काय. आणि कागदही आहे, मुद्रकही सज्ज आहे, तरीही दोषाची खूण उभीच आहे असे दिसले, तर तो वहीत लिहितो की मुद्रकास आग लागली आहे. हे शब्द युनिक्सच्या काळातील अतिवेगवान ओळ-मुद्रकांच्या धास्तीतून आले असे सांगतात. आज तसे मुद्रक क्वचितच आढळतात, आणि त्या ओळीस हात घालण्याची इच्छा कोणासही होईल. परंतु तिच्या अटीत वर्णिलेली अवस्था, म्हणजे ज्ञात दोन्ही कारणे नसताना उभा राहिलेला दोष, ही समांतर तारेवर आजही उद्भवू शकते, त्या अवस्थेची दुसरी कोणतीही वर्दी त्या फाइलीत नाही, आणि म्हणून ती ओळ अद्याप जागेवर आहे.